हाताने घडवलेलं, शिल्पासारखं धातूचं फर्निचर: तुम्ही सतत विचारता ते प्रश्न

मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून सगळे एका जागी करून ठेवलेत. सुरुवातीला सोपे आहेत, खाली जाल तसे किचकट होत जातात. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर तिथे नंबर दिलाय, तो बघा, तेच परत लिहीत बसले नाहीये.

१. शिल्पासारखं फर्निचर म्हणजे नक्की काय? बसायचं की नुसतं बघायचं?

बसायचं. टेबल असेल तर त्यावर कप ठेवायचा, कपाट असेल तर उघडायचं. फरक इतकाच की नेहमीच्या फर्निचरमध्ये आधी सांगाडा करतात आणि मग त्याला सजवतात, इथे सांगाडा आणि सजावट असे दोन भाग वेगळे काढताच येत नाहीत. जी वळलेली सळई बघायला छान वाटते तीच वजन पेलत असते, ती कापली तर टेबल खाली येईल. मी कुठलाही तुकडा बघताना पहिलं हेच बघते, की यातलं काय काढलं तर वस्तू उभी राहील आणि काय काढलं तर पडेल. अर्थात ही कसोटी सगळीकडे लावू नका. दिएगो जाकोमेत्ती या शिल्पकाराच्या ब्राँझच्या टेबलांवर छोटे पक्षी, बेडूक बसलेले असतात, ते काहीच वजन उचलत नाहीत, पण ते काढले तर त्या टेबलाचा जीवच जातो.

२. मॉडर्निस्ट म्हणजे सरळ रेषा, साधेपणा, नक्षी नाही असं वाचलंय. मग ही खडबडीत, वितळल्यासारखी दिसणारी टेबलं मॉडर्निस्ट कशी काय?

हा गोंधळ बरोबर आहे कारण दोन वेगळ्या पिढ्या एकाच नावाखाली येतात. पहिली पिढी १९२० च्या दशकातली. बाउहाउस या जर्मनीतल्या कला आणि डिझाइनच्या शाळेत मार्सेल ब्रॉयरने १९२५ च्या सुमारास वाकवलेल्या स्टीलच्या पाईपची खुर्ची केली, ती कल्पना त्याला सायकलच्या हँडलवरून सुचली असं सांगतात. मग १९२९ मध्ये मिस व्हान डर रोह आणि लिली राइशची बार्सिलोना खुर्ची आली. या लोकांना मशीनचं आकर्षण होतं, हाताचा ठसा दिसू नये असंच त्यांना वाटायचं, गंमत म्हणजे बार्सिलोना खुर्चीला प्रत्यक्षात हाताने भरपूर घासकाम लागतं.

दुसरी पिढी महायुद्धानंतरची. तोवर फॅक्टरीचा गुळगुळीतपणा सगळीकडे पोचला होता आणि काही लोकांना परत धातूला हात लावावासा वाटला. अमेरिकेत हॅरी बेर्तोया, पॉल इव्हान्स, फ्रान्समध्ये दिएगो जाकोमेत्ती, लालान पती-पत्नी (फ्राँस्वा-झाविए आणि क्लोद). यांनी जुनी नक्षी परत आणली नाही, वेली-फुलांची चौकट नाही, राजेशाही पाय नाहीत, आकार नवेच होते, फक्त वेल्डचा ओघळ, हातोडीची खूण, ओतकामाचा खडबडीतपणा हे त्यांनी लपवलं नाही. मटेरियल जसं आहे तसं दिसू द्यायचं ही मॉडर्निस्ट गोष्ट त्यांनी जास्तच मनावर घेतली असं मी म्हणेन.

आणि मधे एक माणूस आहे जो दोन्हीकडचा आहे, झाँ प्रूव्हे. तो मुळात कलात्मक लोहारकाम शिकलेला. त्याची १९३४ ची स्टँडर्ड खुर्ची बघा, पुढचे पाय साध्या पाईपचे आणि मागचे पाय पत्रा दुमडून केलेले, रुंद आणि पोकळ, कारण बसल्यावर खरा ताण मागच्या पायांवर येतो. ताण कुठे आहे तेच आकार सांगतो. शिल्प वगैरे करायचं त्याच्या डोक्यात असेल नसेल, पण मला ती खुर्ची कुठल्याही शिल्पाइतकीच आवडते.

३. कोणाकोणाचं काम बघू? सुरुवात कुठून करू?

बेर्तोयापासून करा, त्याचं काम फोटोतसुद्धा कळतं. इटलीत जन्म, १९३० मध्ये अमेरिकेत, क्रॅनब्रुक या तिथल्या कलाशाळेत धातूकाम शिकवायचा, युद्धात धातू मिळेना म्हणून दागिने करायला लागला. १९५२ मध्ये नॉल या फर्निचर कंपनीसाठी केलेली त्याची डायमंड खुर्ची म्हणजे तारांची जाळी, तो स्वतः म्हणायचा की या खुर्च्या मुख्यतः हवेच्याच बनल्यात. नंतर तो जवळजवळ पूर्णपणे शिल्पाकडे वळला, वाऱ्याने किंवा हाताने वाजणारी धातूच्या सळयांची शिल्पं केली, आणि ती शिल्पं करायची मोकळीक त्याला याच खुर्च्यांच्या पैशाने मिळाली.

मग वॉरन प्लॅटनरच्या खुर्च्या-टेबलं बघा, १९६६, शेकडो सळया एका लयीत उभ्या केलेल्या. मग एकदम उलटं टोक म्हणून पॉल इव्हान्स, ओघळलेल्या, खडबडीत धातूचा (प्रश्न ८ आणि ९). क्लोद लालान खरी पानं घेऊन त्यांच्यावर विजेच्या प्रक्रियेने तांबं चढवायची आणि त्यातून आरसे, बाकं, झुंबरं करायची. मारिया पर्गेने १९६८ मध्ये स्टेनलेस स्टीलला कापडासारखं लहरत ठेवलं. १९८६ हे वर्षही लक्षात ठेवा, त्याच वर्षी रॉन आरादने स्प्रिंग स्टीलचे पत्रे नुसते वाकवून पंखवाल्या नटांनी अडकवून खुर्ची केली आणि शिरो कुरामाताने निकेल चढवलेल्या जाळीची आरामखुर्ची केली जिच्या आत कुठलाही सांगाडा नाही. मार्क न्यूसनचा ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट करून केलेला लाउंज, म्हणजे लांब आरामखुर्ची, त्याच सुमाराचा, त्याच्या आत मात्र फायबरग्लास आहे.

४. हाताने बनवलेलं म्हणजे मशीन अजिबात वापरलेलं नसतं का?

नाही हो. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, पाईप वाकवायचं मशीन सगळं असतं. प्रश्न हा आहे की शेवटचा निर्णय कोण घेतं, मशीन का माणूस. डायमंड खुर्ची मोठ्या संख्येने विकली गेली, कंपनीने केली, तरी तिची जाळी हातानेच वाकवून जिगमध्ये (तारा जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यात) बसवून वेल्ड करायला लागायची कारण ते काम करेल असं मशीनच मिळेना. प्लॅटनरच्या एका खुर्चीत हजाराच्या वर वेल्ड असतात. त्यामुळे "कंपनीची आहे म्हणजे हातची नाही" हे चूक, आणि "छोट्या वर्कशॉपमधून आली म्हणजे हातचीच" हेही चूक, लेझरने कापलेले पत्रे नटबोल्टने जोडून कोणीही विकू शकतं. त्यातही वाईट काही नाही म्हणा, फक्त जे आहे ते सांगून विकावं.

५. कुठला धातू सगळ्यात चांगला?

कशासाठी, त्यावर आहे. माइल्ड स्टील सगळ्यात सोपं, वाकतं, ठोकता येतं, वेल्ड उत्तम होतो, पण गंजतं. स्टेनलेस गंजत नाही असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं (प्रश्न १३). ब्राँझ ओतकामाला राजा, बारीकसारीक खूणही पकडतं. पितळ चमकदार, पत्र्यात आणि सळईत छान. तांबं मऊ, ठोकून आकार द्यायला सुंदर, पण ठोकत गेलं की कडक होतं म्हणून मधेमधे तापवून परत मऊ करावं लागतं. ॲल्युमिनियम हलकं.

वजनाचा अंदाज लोकांना नसतो म्हणून एक हिशोब देते. १२०० बाय ६०० मिलिमीटरचा, ६ मिलिमीटर जाडीचा सपाट टेबलटॉप घ्या. स्टीलचा असेल तर साधारण ३४ किलो, ब्राँझचा ३८ च्या आसपास, ॲल्युमिनियमचा १२ च्या आतच. आणि हा नुसता टॉप आहे, पाय वेगळे. म्हणून जाड दिसणारी बरीच टेबलं आतून पोकळ असतात किंवा आत लाकूड असतं, ती फसवणूक नाही, तसं केलं नाही तर ते टेबल कोणाला हलवताच येणार नाही.

६. ब्राँझ आणि पितळ ओळखायचं कसं?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथिल, हल्ली ओतकामात सिलिकॉन ब्राँझही खूप वापरतात. पितळ पिवळं दिसतं, ब्राँझ जास्त तपकिरी-लालसर. पण वर पॅटिना (रसायनाने आणलेला रंगाचा थर, प्रश्न १०) चढवलेला असेल तर रंगावरून काही कळत नाही, टेबल उलटं करून पायाच्या तळाशी घासलेली जागा बघा, तिथे मूळ रंग दिसतो. चुंबक दोन्हीला चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने या दोघांतला फरक कळणार नाही.

७. हे बनतं कसं? ओततात की जोडतात?

चार मुख्य वाटा आहेत आणि एकाच तुकड्यात दोन-तीन एकत्र येऊ शकतात.

ओतकामात मेणाचा नमुना करतात, त्याभोवती उष्णता सहन करणारं आवरण चढवतात, तापवलं की मेण वाहून जातं आणि राहिलेल्या पोकळीत हजार अंशांच्या वर तापवलेलं ब्राँझ ओततात. थंड झालं की आवरण फोडायचं, ओतायच्या नळ्या कापायच्या, शिवणी घासायच्या. लोकांना वाटतं ओतलं की झालं, पण खरं काम त्यानंतरच सुरू होतं, छिन्नीने आणि कानशीने तासन् तास.

जोडकामात पत्रा, सळई, पाईप कापून वाकवून वेल्ड करतात, बेर्तोया आणि प्लॅटनर या वाटेचे. घडकामात लोखंड भट्टीत लाल-पिवळं करून ऐरणीवर ठोकतात, सळईचं टोक निमुळतं करायचं, पिळायचं, चिरायचं हे सगळं गरम असतानाच. आणि चौथी वाट विजेने धातू चढवायची, क्लोद लालानची, तिच्याबद्दल प्रश्न ३ मध्ये आलंय.

कुठली वाट भारी असा प्रश्न विचारू नका. घडवलेल्या सळईत जाडी हळूहळू बदलत जाते, जिथे ताण जास्त तिथे जाड आणि टोकाला बारीक, ते पाईप वाकवून कधीच येत नाही. उलट ओतकामात जी एकसंध वळणं मिळतात ती सळईतून मिळत नाहीत.

८. वेल्ड दिसला तर काम कच्चं समजायचं का?

नाही, आणि हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. वेल्ड दोन प्रकारे चांगला असतो, एक तर पूर्ण घासून असा काढलेला की बोट फिरवलं तरी कळू नये, नाहीतर मुद्दाम ठेवलेला. मधलं काहीतरी, म्हणजे अर्धवट घासलेलं, वरून जाड रंग मारून झाकलेलं, ते कच्चं.

ठेवलेला वेल्ड चांगला की वाईट ते जवळून बघा. चांगल्या टिग वेल्डमध्ये (बारीक, नेमक्या कामाची वेल्डिंगची पद्धत) माशाच्या खवल्यांसारखे एकसारखे थर दिसतात, रुंदी तीच राहते, कडेला धातू खाल्ला गेलेला खळगा नसतो, सुरुवातीला गोळा आणि शेवटाला भोक नसतं. स्टेनलेसवर वेल्डच्या बाजूला फिकट सोनेरी किंवा निळसर पट्टा असतो, तो ठेवायचा का काढायचा हा कारागिराचा निर्णय, पण काळा-राखाडी खवलेदार जळका पट्टा असेल तर धातू जास्त तापलाय आणि तिथेच पुढे गंज धरेल.

आणि पॉल इव्हान्ससारख्या कामात ही सगळी मोजपट्टीच बदलते. तिथे वितळलेला धातू ओघळू देणं हेच काम आहे. तिथे ओघळ बघू नका, सांधे बघा, दार नीट बंद होतं का, बिजागरी घट्ट आहे का, मागची बाजू पुढच्याइतकीच विचारपूर्वक संपवलीय का. मी तर कुठलाही तुकडा आधी खालून बघते. खालची बाजू कोणी बघणार नाही हे माहीत असूनसुद्धा ज्याने ती नीट केली, त्याचं वरचंही नीट असतं.

९. ब्राँझचं म्हणून घेतलं आणि चुंबक चिकटतोय! फसवलं गेलं का मला?

कदाचित हो, कदाचित नाही. भरीव ब्राँझ म्हणून घेतलं असेल तर चुंबक चिकटायला नको. पण पॉल इव्हान्सची जी प्रसिद्ध स्कल्प्टेड ब्राँझ मालिका आहे तिच्यात स्टीलच्या किंवा लाकडाच्या सांगाड्यावर इपॉक्सी रेझिन (घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) चढवायचे, त्याला आकार द्यायचा आणि वर ब्राँझचा थर. त्यामुळे अस्सल इव्हान्सच्या तुकड्यालासुद्धा काही ठिकाणी चुंबक चिकटू शकतो आणि तो अस्सलच असतो. ब्राँझचा मुलामा दिलेल्या स्टीललाही चिकटेल.

म्हणजे चुंबकाने "हे भरीव ब्राँझ नाही" एवढंच कळतं, "हे खोटं आहे" हे कळत नाही. उलट बाजूने, ३०४ या नेहमीच्या ग्रेडच्या स्टेनलेसला साधारण चुंबक चिकटत नाही पण जिथे ते जास्त वाकवलंय तिथे थोडासा चिकटतो, त्यावरून घाबरून जाऊ नका. विकणाऱ्याने लेखी काय दिलंय ते बघा, "ब्राँझ फिनिश" आणि "भरीव ब्राँझ" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१०. पॅटिना म्हणजे रंग मारलेला असतो का?

रंग नाही, धातूचाच वरचा थर रसायनाने बदललेला असतो. ब्राँझचा तुकडा ज्योतीने तापवतात, पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडून जाईल इतपत, मग ब्रशने पातळ द्रावण लावतात. सल्फरचं द्रावण दिलं तर तपकिरी ते काळा, फेरिक नायट्रेटने सोनेरी-तपकिरी ते तांबूस, कॉपर नायट्रेटने हिरवा-निळा. एक हात, परत ज्योत, परत हात, असं करत करत रंग खोल होत जातो. घाई केली, धातू कमी तापला तर थर नुसता वर बसतो आणि पुसला जातो, जास्त तापला तर काळपट आणि ठिसूळ होतो. मनासारखं झालं की गरम असतानाच मेण लावतात म्हणजे ते आत मुरतं.

फिलिप आणि केल्विन लाव्हर्न या बाप-लेकांची ब्राँझ आणि प्यूटरची (मुख्यतः कथिलाचा मिश्रधातू) टेबलं तर पॅटिनासाठी कित्येक आठवडे मातीत पुरून ठेवायचे. हे वाचल्यावर प्रश्न ११ लगेच वाचा.

११. टेबल काळं पडलंय, पितांबरी किंवा ब्रासो लावून चमकवू का?

थांबा! आधी ठरवा की ते काळं पडलंय का काळं केलंय. कारागिराने मुद्दाम आणलेला पॅटिना तुम्ही पॉलिशने घासलात तर अर्ध्या तासात त्याचं आठवड्यांचं काम जातं आणि ते परत आणणं म्हणजे नव्याने करणं. पॉलिशमध्ये बारीक खरखरीत कण असतात, ते धातू खातात, ठोकलेल्या पृष्ठभागावरची धार बोथट करतात. कळत नसेल तर घासू नका, न घासून कुठलंही टेबल खराब झालेलं मी बघितलं नाहीये.

रोजचं म्हणाल तर मऊ कोरडं कापड, खाचांसाठी मऊ ब्रश. तेलकट झालं असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, ओल्या कापडाने पुसायचं आणि लगेच पूर्ण कोरडं करायचं. वर्षातून एक-दोनदा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात, वाळू द्यायचा, मग मऊ कापडाने घोटायचा.

काच पुसायचे स्प्रे पितळेवर मारू नका, त्यात बऱ्याचदा अमोनिया असतो आणि वाकवलेल्या, ताणात असलेल्या पितळेला अमोनियाने तडे जाऊ शकतात. काचेच्या टॉपच्या टेबलावर लोक हेच करतात, स्प्रे काचेवर मारतात आणि तो ओघळून खालच्या पितळी सांध्यात जातो. स्प्रे कापडावर मारा, टेबलावर नाही. ॲल्युमिनियमवर तीव्र क्षार असलेले क्लीनर नकोत, ॲनोडाइज केलेला (विजेने चढवलेला संरक्षक) थर जातो.

आधीपासून आरशासारखं चकचकीत असलेलं पितळ असेल तर गोष्ट वेगळी, ते पॉलिश करायचंच असतं, पण त्यावर लॅकर (पारदर्शक संरक्षक लेप) आहे का ते बघा. लॅकर असताना घासलं तर चट्टे पडतात.

१२. ब्राँझवर फिकट हिरवी पावडर येतेय, पुसली तरी परत येते. हा पॅटिनाच ना?

पॅटिना घट्ट असतो, बोटाला लागत नाही. पोपटी-हिरवट, भुरभुरीत पावडर येत असेल, पुसल्यावर खाली छोटे खड्डे दिसत असतील आणि काही दिवसांत तिथेच परत येत असेल तर तो क्लोराइडमुळे होणारा क्षय आहे, ब्राँझ डिसीज म्हणतात त्याला. मीठ, समुद्राची हवा, घामट हात यातून क्लोराइड आत जातं आणि ओलावा मिळाला की ते चक्र चालूच राहतं. वर मेण लावून झाकू नका, आत चालूच राहील. तुकडा कोरड्या जागी हलवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर उत्तम, आणि धातूचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

पितळेवर गुलाबी-तांबूस ठिपके दिसत असतील तर तो वेगळा प्रकार, तिथे जस्त निघून गेलंय आणि नुसतं तांबं मागे राहिलंय. थोडे असतील तर चालतं, सांध्याजवळ असतील तर ताकद कमी झालेली असते, दाखवून घ्या.

१३. स्टेनलेस आहे तरी तपकिरी ठिपके आलेत. हलकं स्टेनलेस दिलं का?

तसं असेलच असं नाही. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, ते हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून अगदी पातळ थर करतं आणि तोच थर गंज अडवतो. तो थर जिथे बिघडला तिथे ठिपका. कारणं नेहमीची: साध्या लोखंडी ब्रशने किंवा तारेच्या घासणीने घासलं आणि लोखंडाचे कण रुतले, किंवा ज्या ग्राइंडिंग चकतीने लोखंड घासलं तीच स्टेनलेसवर वापरली, किंवा फरशी ॲसिडने नाहीतर ब्लीचने धुतली आणि त्याची वाफ किंवा शिंतोडे पायांना लागले. समुद्राजवळ ३०४ ग्रेडला ठिपके येतातच, तिथे ३१६ हवं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. वरवरचे ठिपके स्टेनलेससाठीच्या क्लीनरने निघतात, पण पृष्ठभागावर जी रेघ आहे तिच्याच दिशेने पुसा, आडवं घासलं तर ओरखडे कायमचे.

१४. बाहेर, अंगणात किंवा गच्चीवर ठेवलं तर चालेल?

ब्राँझ आणि ३१६ स्टेनलेस चालेल. माइल्ड स्टील फक्त जस्त चढवून वर पावडर कोटिंग केलेलं असेल तर. नुसतं मेण लावलेलं काळं स्टील बाहेर टिकत नाही.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे दोन धातूंचा सांधा. ॲल्युमिनियमच्या टेबलाला स्टीलचे किंवा पितळेचे स्क्रू असतील आणि पाणी साचलं तर ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. मधे नायलॉनचा किंवा रबराचा वॉशर हवा. पोकळ पायांना खाली पाणी निघायला भोक आहे का तेही बघा, नसेल तर आत पाणी साचून आतूनच गंजतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

गंजाचा थर मुद्दाम ठेवलेलं कॉर्टन स्टील भिंतीसाठी, कुंड्यांसाठी सुंदर, पण बसायला नको, कपड्यांना आणि फरशीला तांबडे डाग लागतात. वरून सील केलं तर लागत नाहीत, पण सील बाहेर वारंवार करत राहावं लागतं.

१५. थंड लागतं ना बसायला?

लागतं. तांबं आणि ॲल्युमिनियम उष्णता झटकन ओढून घेतात म्हणून जास्त थंड लागतात, स्टेनलेस त्या मानाने पुष्कळच कमी. तारेच्या खुर्चीत अंगाला धातूच कमी लागतो म्हणून फारसं जाणवत नाही. उन्हात सगळेच तापतात, गडद रंगाचं जास्त. पातळ गादी ठेवा आणि प्रश्न मिटला.

१६. एक वेल्ड सुटलाय. ओळखीच्या ग्रिलवाल्या वेल्डरकडून टाका मारून घेऊ का?

साध्या माइल्ड स्टीलचं, रंग दिलेलं, नवीन काम असेल तर घ्या, काही हरकत नाही. पण पुढच्या परिस्थितीत नको.

पॅटिना असलेलं ब्राँझ: वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूचा बराच रंग जातो, वेल्डबरोबर पॅटिना परत जुळवणारा माणूस हवा. क्रोम किंवा निकेल चढवलेलं: मुलामा जळतो, आणि क्रोमचा धूर विषारी असतो, आधी मुलामा काढून, जोडून, परत प्लेटिंग करावं लागतं. जस्त चढवलेलं: जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो, धातूकाम करणाऱ्यांना हे माहीत असतं पण घाईत विसरतात. ॲल्युमिनियम: साध्या मशीनवर होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद पोकळ भाग असेल तर आतली हवा तापून फुगते, ओल असेल तर वाफ होते, स्फोट होऊ शकतो, आधी बारीक भोक पाडून घ्यायला सांगा.

तारेच्या खुर्चीत एक टाका सुटला की शेजारच्या टाक्यांवर ताण येतो, म्हणून एक सुटलाय म्हणून वापरत राहू नका. प्रत्येक सांधा बोटाने हलवून बघा, एकदमच सगळे करून घ्या.

१७. नवीन टेबल डगमगतंय, पाय वाकडा आहे का?

आधी फरशी बघा. टेबल नव्वद अंश फिरवा, डगमगणं फरशीवरच्या त्याच जागी राहिलं तर फरशी, टेबलाबरोबर फिरलं तर टेबल. जड टेबलाला खाली ॲडजस्ट होणारे पाय असतात, ते फिरवा. रबर नाहीतर जाड फेल्ट लावायलाच हवं, पण पॉलिश केलेल्या दगडी फरशीवर काळं रबर डाग सोडू शकतं, पांढरं किंवा पारदर्शक घ्या.

१८. सही आहे म्हणजे ओरिजिनल, बरोबर?

अजिबात नाही. बेर्तोया आपल्या शिल्पांवर सहसा सही करतच नसे. इव्हान्सच्या खास ऑर्डरच्या कामावर आद्याक्षरं आणि साल वेल्डने लिहिलेलं असतं, पण डायरेक्शनल या फर्निचर कंपनीसाठी झालेल्या सगळ्याच तुकड्यांवर ते नसतं. दिएगोच्या कामावर नावाचा ठसा असतो आणि त्याच्याच नकला प्रचंड झाल्यात, ओतकामाचा साचा मूळ तुकड्यावरून काढला की ठसासुद्धा सोबत येतो! अशा नकलेत आकार किंचित लहान असतो कारण धातू थंड होताना आकसतो, आणि बारीक तपशील मऊ पडलेले असतात. "सी. जेरे" अशी सही असलेली धातूची कामं दिसतात, त्या नावाचा माणूसच नाही, कर्टिस फ्राइलर आणि जेरी फेल्स या दोघांच्या नावातून ती सही बनली.

सहीपेक्षा कागद बघा, पहिली पावती, जुने फोटो, कोणाकडून कोणाकडे गेलं. परवानगीने आज बनणाऱ्या खुर्च्या खोट्या नसतात, पण जुन्याही नसतात. तपशिलातून काळ कळतो: बार्सिलोना खुर्चीचा मूळ सांगाडा क्रोम चढवलेला होता, १९५० च्या सुमाराला स्टेनलेसमध्ये एकसंध करायला लागले. डायमंड खुर्चीच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यांना कडेला दोन तारा होत्या, पेटंटच्या वादानंतर एकच जाड तार आली.

१९. कारागिराकडून स्वतःसाठी बनवून घ्यायचंय. त्याला काय काय सांगू?

फोटो दाखवून "असंच कर" म्हणू नका, एक तर ते दुसऱ्याचं डिझाइन आहे आणि दुसरं म्हणजे त्याचा हात वेगळा आहे, तो जे चांगलं करतो ते त्याला करू द्या. तुम्ही माप, वापर आणि जागा सांगा. बसायची उंची ४३ ते ४५ सेंटीमीटर, जेवणाचं टेबल ७५ च्या आसपास, सोफ्यापुढचं ३५ ते ४५. दार, जिना, लिफ्ट मोजून द्या, धातूचं टेबल तिरकं करून दाबून घुसवता येत नाही.

मग पुठ्ठ्याचा खऱ्या मापाचा नमुना करा आणि खोलीत दोन-चार दिवस ठेवा, त्याच्याभोवती वावरा. कागदावर नाजूक वाटणारं टेबल खोलीत अंगावर येतं हे तेव्हाच कळतं. फिनिशचा नमुना हातभर तुकड्यावर मागा, नखाएवढ्या नाही, आणि तो तुमच्या खोलीतल्या उजेडात बघा. कडा कशा असतील ते स्पष्ट विचारा, लहान मुलं असतील तर टोकं गोल करून घ्या. जोड कुठे असेल, पुढे हलवायला सुटं करता येईल का, दुरुस्ती कोण करेल, कुठला मिश्रधातू आणि कुठलं रसायन वापरलं हे लिहून घ्या. वीस वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला तोच कागद लागतो.

२०. जुन्या ब्राँझ टेबलाची वरची काच फुटली. नवीन बसवताना काय बघू?

फुटलेले तुकडे टाकू नका, त्यावरून जाडी, रंग आणि कडेची घासाई कळते. जुनी काच बऱ्याचदा हिरवट असते, आजची एकदम पारदर्शक काच घातली तर खालचं ब्राँझ वेगळंच दिसतं, म्हणून रंग जुळवा. माप जुन्या काचेवरून न घेता सांगाड्यावर कागद पसरून साचा काढून घ्या कारण हाताने केलेला सांगाडा कधीच अगदी चौकोनी किंवा अगदी गोल नसतो. टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली) काच घ्यायची ठरवलीत तर कापणं, भोकं, कडा सगळं आधी, भट्टीत गेल्यावर तिला हात लावता येत नाही. काच धातूवर थेट ठेवू नका, मधे पारदर्शक ठिपके ठेवा, आणि ते जिथे सांगाडा काचेला खरंच टेकतो तिथेच, अंतर समान दिसावं म्हणून भलतीकडे नको. जुने चामड्याचे किंवा फेल्टचे तुकडे सापडले तर ते कुठल्या जागी होते त्याचा फोटो काढून मगच उचला.